जागा आधी ठरते, प्रदूषण मंडळाला नंतर विचारतात. हा क्रम कसा बदलायचा?

काठावरची (धागाकर्ती)

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक खडी क्रशर आहे. सहा वर्षं झाली त्याला. प्रदूषण मंडळाने त्याला दिलेलं संमतीपत्र मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा सबंध वाचलं. कन्व्हेयर पत्र्याने झाकायचा, वाऱ्याच्या बाजूला भिंत घालायची, खडी पडते तिथे पाण्याचे फवारे ठेवायचे, आवारातला रस्ता ओला ठेवायचा, भोवती झाडं लावायची. एकही अट चुकीची नाही. जाऊन पाहिलं तर पत्रे आहेत, भिंत आहे, फवाऱ्यांच्या नळ्याही बसवलेल्या आहेत.

पण आमच्या वाडीला फेब्रुवारीच्या शेवटी टँकर लागतो. सार्वजनिक विहिरीचा तळ दिसत असताना फवाऱ्यांना पाणी कुठून येणार? मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत नळ्या कोरड्या असतात, आणि रस्त्यांची, बांधकामांची कामं नेमकी त्याच महिन्यांत जोरात असतात. शेवग्याच्या शेंगेवरून बोट फिरवलं की पांढरी रेघ उमटते. शेंगा धुतल्याशिवाय व्यापारी घेत नाही, आणि धुवायला पाणी नाही.

मी कुणावर नियम मोडल्याचा आरोप करत नाहीये. उलट प्रत्येक टेबलावरचं काम कागदोपत्री बरोबर झालंय, म्हणूनच मला झोप लागत नाही. जमीन बिनशेती करताना सातबारा, मोजणी नकाशा आणि पोचरस्ता पाहिला गेला. संमती देताना यंत्रं आणि धूळ रोखायची साधनं पाहिली गेली. या जागी उन्हाळ्यात पाणी असतं का, हा प्रश्न दोन्ही फॉर्मवर नव्हता. जमिनीचं टेबल म्हणतं, प्रदूषण आमचा विषय नाही. प्रदूषणाच्या टेबलावर फाइल जाते तोवर जागा ठरलेली असते, पैसे गुंतलेले असतात, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात. अशा वेळी कोणता अधिकारी म्हणेल की जागाच चुकली?

हे सगळं वाचताना एक गोष्ट सापडली. १९७४ च्या जल कायद्यात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची कामं कलम १७ मध्ये दिली आहेत. त्यातलं एक काम असं: ज्या उद्योगामुळे ओढा किंवा विहीर दूषित होण्याचा संभव आहे, तो कुठे असावा याबद्दल राज्य सरकारला सल्ला देणं. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम १७ मध्येही जागेच्या योग्यतेबद्दल सल्ला देण्याचं काम आहे. म्हणजे जागेबद्दल बोलणं हे मंडळाचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे. प्रत्यक्षात आपण मंडळाला ओळखतो ते संमती देणारी खिडकी म्हणून.

मला बदल हवा तो इथे. जमीन बिनशेती होण्याआधी किंवा आराखड्यात औद्योगिक पट्टा आखण्याआधी मंडळाचा जागेबद्दलचा लेखी अभिप्राय यायला हवा, मराठीत, आणि गावाला वाचता येईल असा. तुमच्याकडचे अनुभव सांगा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

मधलीवाट

धागा चांगला आहे, पण मला भीती वाटते. आणखी एक अभिप्राय म्हणजे आणखी एक टेबल. आधीच बिनशेती, बांधकाम परवानगी, स्थापना संमती, चालवण्याची संमती, मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण दाखला. टेबलं वाढली की दलाल वाढतात.

लेथवाला

मी छोटा कारखानदार आहे, पावडर कोटिंगचं युनिट आहे माझं. इथे माझ्यासारख्याने विरोधच करावा असं वाटेल, पण मी ताईंच्या बाजूने आहे. कारण सांगतो.

मी पहिला प्लॉट घेतला तेव्हा एजंट म्हणाला, औद्योगिक पट्ट्यात आहे, बिनधास्त घ्या. महसूल संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे अशा पट्ट्यात खऱ्या औद्योगिक वापरासाठी तेव्हा आधी बिनशेती परवानगी लागत नव्हती, वापर सुरू केल्यावर ३० दिवसांत कळवायचं असायचं. सोय चांगली होती, माझी तक्रार नाही. पण पावडर कोटिंगच्या आधी धातू धुवावा लागतो, त्याचं आम्लाचं आणि फॉस्फेटचं पाणी निघतं. त्या भागात सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र नव्हतं, आणि स्वतःचं पूर्ण केंद्र बसवायचं तर ते माझ्या यंत्रांपेक्षा महाग पडत होतं. हे मला कळलं प्लॉट घेऊन झाल्यावर, शेड उभी राहिल्यावर. दोन वर्षं व्याज भरलं आणि शेवटी जागा विकून दुसरीकडे गेलो. "या जागेत पाणी सोडणारा उद्योग चालणार नाही" हे एक वाक्य आधी कुठे लिहिलेलं असतं, तर मी तिथे पाऊलच टाकलं नसतं.

दुसरं म्हणजे संमतीचा निर्णय द्यायला मुदत आहे. जल कायद्याप्रमाणे पूर्ण अर्ज दिल्यापासून चार महिन्यांत हो किंवा नाही आलं नाही, तर संमती मिळाली असं धरतात. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात "पूर्ण अर्ज" या शब्दावर सगळं अडतं. तीन महिने झाले की एक त्रुटी निघते. मला माझी संमती अशी मुदत संपून मिळायला नको आहे, कुणीतरी वाचून दिलेली हवी आहे. शेजारचा रात्री टाकी मोकळी करतो आणि मी केंद्र चालवायचा खर्च करतो. बाजारात त्याचा माल स्वस्त पडतो. नीट तपासणी झाली तर फायदा आमच्यासारख्यांचाच आहे.

काठावरची

लेथवाला, तुमचं आणि माझं दुखणं एकच निघालं, हे मला खरंच सुचलं नव्हतं.

मधलीवाट, टेबल वाढवायला मी म्हणत नाहीये. शेवटचं टेबल पहिलं करा, एवढंच. जागेचं आधी ठरलं तर पुढची संमती लवकर देता येईल.

आडवाट

मी नोकरीची बहुतेक वर्षं पाण्याचे नमुने घेण्यात घालवली, आता निवृत्त आहे. टेबलाच्या त्या बाजूने कसं दिसतं ते थोडं सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं बाटली भरली की केस झाली.

जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे न्यायालयात चालेल असा नमुना घ्यायचा तर आधी तिथल्या ताबेदाराला जागेवरच नोटीस द्यायची. त्याने मागणी केली तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. बाटल्यांना सील, सील केल्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या, मग विनाविलंब प्रयोगशाळा. यातली एक पायरी चुकली की अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीसाठी बीओडीची चाचणी करतात, ती २७ अंशांवर तीन दिवस चालते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दूरच्या तालुक्यात भरलेल्या बाटलीचं काय करायचं, हा प्रश्न माणसाला पडतोच. मी बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून एसटीने रात्रीचा प्रवास केलाय.

आता रात्री दोन वाजता टाकी मोकळी करणाऱ्याला यातलं काय लागू पडतं? सकाळी अकराला गेलं की पाणी स्वच्छ. ओढ्याच्या काठच्या दगडांवर रंग दिसतो, गवत जळालेलं दिसतं, पण दगडाची सही घेता येत नाही. तपासणीची माणसं आणि प्रयोगशाळा वाढवल्याशिवाय कुठलीही सुधारणा कागदावरच राहणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मात्र ताईंच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. चुकीच्या जागी बसलेला उद्योग तपासणीने सुधारत नाही. मी एकाच ओढ्यावर वर्षानुवर्षं जात होतो. मालक बदलले, अधिकारी बदलले, ओढा तसाच राहिला, कारण उन्हाळ्यात त्या ओढ्याला स्वतःचं पाणीच नसायचं. प्रक्रिया करून नियमात बसवलेलं सांडपाणी सोडलं तरी तेवढंच पाणी ओढ्यात असायचं, मिसळायला दुसरं काही नाही. तिथे पाणी सोडणारा उद्योग मुळात बसवायलाच नको होता.

खाडीपट्टा

जागा आधी ठरवायचे नकाशे आपल्याकडे झाले होते, हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९९० च्या दशकात राज्य मंडळांना बरोबर घेऊन, जर्मनीच्या मदतीने, जिल्हावार झोनिंग अॅटलास करायला घेतला. कोणत्या भागातलं पाणी आणि हवा किती सोसू शकते, कुठे कोणत्या प्रकारचा उद्योग चालेल, कुठे अजिबात नको, हे नकाशावर रंगवून दाखवायचं काम होतं ते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या नकाशांचा मुद्दा मांडला होता.

मी खाडीवरचा माणूस. आमच्याकडे पाण्याचा रंग बदलला की आधी जाळ्याला कळतं, दोरीला बुळबुळीत थर धरतो. मग मासळी वर येते. कागद सगळ्यात शेवटी येतो. नकाशा असा हवा की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल. जमीन विकणारा, घेणारा आणि मासेमारी करणारा, तिघांनाही एकच नकाशा दिसायला हवा. काचेच्या कपाटात ठेवलेल्या अॅटलासने खाडी वाचत नाही.

पाणंद

+१. नद्यांसाठीही असंच धोरण होतं. २००० सालापासून राज्यात नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं, नदीच्या वर्गानुसार काठापासून किती अंतरात कोणत्या प्रकारचा उद्योग चालेल हे ठरवणारं. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने ते रद्द केलं. त्या धोरणामुळे लहान उद्योगही अडायचे, हे खरं आहे, सरसकट अंतर सगळीकडे लागू पडत नाही. पण दुरुस्त करता आलं असतं. रद्द केल्यावर अंतराचा प्रश्न प्रत्येक संमतीत एकेकट्या अधिकाऱ्यावर येऊन पडला.

चष्मा

वकिली करतो, हरित लवादापुढची (पर्यावरणाचे खटले तिथे चालतात) कामं अधूनमधून असतात. तीन मुद्दे.

एक, मंडळावर कोण बसतं. जल कायद्याच्या कलम ४ प्रमाणे राज्य मंडळात अध्यक्ष, सरकारचे जास्तीत जास्त पाच अधिकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांचे जास्तीत जास्त पाच सदस्य, शेती, मासेमारी, उद्योग-व्यापार वगैरेंचे तीनपर्यंत अशासकीय सदस्य, सरकारी कंपन्या-महामंडळांचे दोन आणि पूर्णवेळ सदस्य-सचिव असतात. शेतकरी आणि मच्छीमारांना मंडळात जागा १९७४ पासून आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये तेची तागी तारा प्रकरणात राज्यांना सांगितलं की मंडळांवरच्या नेमणुकांसाठी पात्रतेचे नियम सहा महिन्यांत करा. पर्यावरणाचं ज्ञान नसलेली माणसं नेमली जातात, ही तक्रार त्या प्रकरणाच्या मुळाशी होती. सुधारणेची सुरुवात खुर्चीवरच्या माणसापासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

दोन, दंड. २०२४ च्या जल कायदा दुरुस्तीने बऱ्याचशा उल्लंघनांमधली कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. राज्याने ठराव करून ती स्वीकारली की तिथे लागू होते. याच दुरुस्तीने काही प्रकारच्या उद्योगांना संमतीतून सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला, आणि अध्यक्षांची नेमणूक कशी व्हावी हे ठरवण्याचाही. म्हणजे राज्य मंडळ सुधारायचं म्हटलं तरी सगळी सूत्रं मुंबईत नाहीत. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की झालेल्या हानीची भरपाई मंडळं वसूल करू शकतात, पण त्यासाठी आधी नियम हवेत आणि ऐकून घेण्याची पद्धत हवी. मला हे हत्यार कैदेपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. कैदेची केस चालता चालता अख्खी कारकीर्द संपते, ओढा तसाच राहतो.

तीन, मुदत. पर्यावरण दाखल्याविरुद्ध हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करावं लागतं, सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवस मिळतात. त्यापुढे लवादालाही हात बांधलेले आहेत. गावाला बुलडोझर दिसतो तेव्हा बहुधा ते दिवस संपत आलेले असतात. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना मला हेच सांगावं लागतं, आणि ते सांगणं फार जड जातं.

मधलीवाट

माझं मत थोडं बदललं, मान्य करतो. तरी एक प्रश्न उरतो. अभिप्राय गावाला वाचता आला, की हरकती येणार. काही हरकती खऱ्या असतात, काही पैशासाठी असतात. आमच्या भागात ग्रामसभेचा ठराव आधी विरोधात झाला आणि महिन्याभरात बाजूने झाला. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

लेथवाला

हा माझाही अनुभव आहे आणि माझी हीच मोठी भीती आहे. हरकत घेणाऱ्याने कारण लिहून द्यावं. "नको" एवढंच पुरे नाही. पाणी, वारा, रस्ता, शाळा, काय अडचण आहे ते लिहा, मी उत्तर लिहून देतो, दोन्ही कागद सगळ्यांना दिसू देत.

खाडीपट्टा

कारण लिहायचं तर आधी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल कळायला हवा ना. पर्यावरण दाखल्याच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीसाठी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी असतो, आयोजन राज्य मंडळाचं. पण मराठीत मिळतो तो सारांश. मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजी. मी एका सुनावणीत शेवटपर्यंत बसलो होतो. आमच्या सारांशात खाडीतल्या माशांबद्दल चार ओळी होत्या. मूळ अहवालात माशांची यादी होती, आणि त्यात आम्ही रोज पकडतो ती तीन जातींची मासळी नव्हतीच. हे कळलं कसं, तर माझ्या पुतण्याने दोन रात्री बसून इंग्रजी वाचलं म्हणून. प्रत्येक गावात असा पुतण्या नसतो.

ज्यांच्याकडे सुनावणी व्हायची आहे त्यांना एक विनंती. जेवणाची वेळ झाली म्हणून उठू नका. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. आपण जे बोललो ते त्यात आलं की नाही, हे तपासायची जागा तीच.

पाणंद

एक बाजू राहिली. एकेक जागा चांगली असेल, पण शंभर उद्योग एकत्र आले की काय? केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात (गुण जितके जास्त, तितकं प्रदूषण जास्त) चंद्रपूरला ८३.८८ गुण होते, डोंबिवलीला ७८.४१. २०१८ मध्ये तारापूरला ९३.६९ मिळाले, देशात सगळ्यात वर. तिथल्या बहुतेक युनिटांकडे आपापली संमती असेलच की. प्रत्येकाने आपल्या सांडपाण्याच्या नळापुरतं उत्तर दिलं, पण परिसराचं ओझं कुणी मोजलं नाही. जागेच्या अभिप्रायात "इथे आता आणखी नको" असं लिहायची सोय हवी, नाहीतर काही अर्थ नाही.

आडवाट

पाणंद, हे फार महत्त्वाचं आहे. आमच्या काळात आम्ही नळ मोजत होतो, नदी क्वचित.

काठावरची ताई, तुम्ही संमतीपत्र मिळवलंत हे चांगलं केलंत. आता पुढचं पाऊल सांगतो. जल कायद्याच्या कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणे दिलेल्या संमतींच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि ज्याचा संबंध येतो किंवा ज्याला झळ बसते त्याला ती योग्य वेळेत पाहता यायला हवी. माहितीचा अधिकार यायच्या ३१ वर्षं आधीची तरतूद आहे ही. तुमचा विषय मुख्यतः धुळीचा आहे, म्हणजे हवा कायद्याचा, त्यामुळे अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्जही जोडा. फवाऱ्यांचं पाणी कुठून आणणार याबद्दल अर्जदाराने मूळ अर्जात काय लिहिलंय, ते मागा. मुद्दा तिथे आहे. "बोअरवेल" लिहिलं असेल तर तिची खोली आणि उन्हाळ्यातलं पाणी विचारा. "टँकर" लिहिलं असेल तर टँकर कोणत्या विहिरीवर भरतो ते विचारा.

काठावरची

आडवाट काका, आज संमतीपत्राची झेरॉक्स पुन्हा काढून बघितली. शेवटच्या पानावर पाण्याच्या वापराचा तक्ता आहे, मी तो सोडूनच दिला होता. धूळ शमवण्यासाठी रोजचं पाणी लिटरमध्ये दिलंय. स्रोताच्या रकान्यात एकच शब्द आहे: "स्थानिक". ती विहीर आमचीच असणार, दुसरी आहे कुठे?

संमतीची मुदत पुढच्या वर्षी संपते. नूतनीकरणाआधी सगळ्या वाडीच्या सह्यांनी अर्ज द्यायचा विचार आहे. क्रशर बंद करा असं आम्ही लिहिणार नाही, वाडीतली अकरा माणसं तिथे कामाला आहेत. पाण्याचा स्रोत नावानिशी लिहा, आणि पाणी नसेल त्या महिन्यांत किती तास चालवायचं ते ठरवून द्या, एवढंच मागणार आहोत.

लेथवाला

ही मागणी कुठलाही सरळ मालक मान्य करेल. मालकाशी आधी बोलून घ्या, त्याला कागद मिळायच्या आधी तुमच्या तोंडून कळू दे.

आडवाट

अर्जात आणखी एक ओळ घाला, ताई. जागेची पाहणी मे महिन्यात व्हावी, आणि पाहणीच्या वेळी तुमच्या विहिरीची पातळी पंचनाम्यात लिहावी. ऑगस्टमध्ये कुणी आलं तर फवारे सुरू असतील, शेवगा हिरवागार असेल, आणि अहवालात लिहायला काही उरणार नाही.